उसना वाढदिवस

१

नळदुर्गला हमरस्त्याला लागून निजामाच्या काळी करोडगिरीचा नाका होता. सोलापूरकडून येणाऱ्या मालावर तिथे जकात बसायची. विलीनीकरण झालं, जकात गेली, बंदूकवाले शिपाई गेले. दगडी इमारत तेवढी राहिली. तिचं काय करावं हे कुणालाच सुचेना, तेव्हा सरकारने तिला वस्तुसंग्रहालय म्हणायचं ठरवलं. आणि नाक्यावर पूर्वी कारकून असलेल्या दत्तोपंतांना, इमारतीबरोबर आलेल्या टेबलाखुर्चीसारखं, तिथेच ठेवून घेतलं.

दत्तोपंतांची त्याला हरकत नव्हती. सकाळी दहाला कुलूप काढायचं, धुरपदाबाई झाडून जाईपर्यंत बाहेर उभं राहायचं, मग तोफेच्या गोळ्यांवरून फडकं फिरवायचं, नाण्यांच्या पेटीची काच पुसायची, बारा वाजता डबा खायचा, पाचला कुलूप लावायचं. बघायला येणार कोण? एखादा ट्रक बिघडला की ड्रायव्हर सावलीला म्हणून आत यायचा, दोन मूर्ती बघायचा आणि ‘प्यायला पाणी मिळंल का?’ म्हणून विचारायचा.

मागच्या खोलीत मात्र एक बघण्यासारखी गोष्ट होती. जवळच्या एका जहागिरदाराच्या घरून सहा फोटो आणि एक मोठं तैलचित्र आलं होतं. घरातल्या एकुलत्या एका मुलीच्या वाढदिवसाचे फोटो, दर वर्षी एक. पाटाभोवती रांगोळी, पाटावर झबल्यातली मुलगी, मागे पाच सवाष्णी, आणि पुढच्या बाईच्या हातात तबक. वर्षाला एक निरांजन असा त्या घरचा रिवाज असावा. पहिल्या फोटोत एक, सहाव्यात सहा. सातव्या वाढदिवसाला फोटोवाल्याऐवजी हैदराबादचा चित्रकार बोलावला होता. त्याने बायका काढल्या, त्यांच्या नथी काढल्या, सात ज्योती काढल्या, पण पाटाच्या जागी कोरा कॅनव्हास सोडून दिला होता. उर्दूतल्या जुन्या यादीत त्या चित्रापुढे एकच शब्द होता: अपुरं.

जानेवारीच्या मध्याला औरंगाबादच्या कचेरीतून लाल शाईचे फराटे मारलेली यादी परत आली. ‘एकही रकाना रिकामा राहता कामा नये. अज्ञात असे लिहू नये.’ दत्तोपंत चरफडले. सगळे रकाने भरले, राहिला एक. प्रसंग, वाढदिवस. तारीख?

जुन्या यादीत तिथे कसलीशी तारीख होती, पण कुणीतरी पात्याने कागद पातळ होईपर्यंत खरवडून काढली होती. दत्तोपंतांनी कागद उजेडाला धरला. काही दिसलं नाही. साडेचारची टपाल मोटार जायची होती. गुरुजी नाही का, ज्या पोराची जन्मतारीख माहीत नाही त्याच्या नावापुढे बिनदिक्कत एक जून ठोकून देतात? तसंच काहीतरी लिहावं म्हणून त्यांनी टाक शाईत बुडवला, आणि हाताने आपल्या मनानेच लिहून टाकलं: बावीस जानेवारी.

तीच तारीख त्यांनी सात सुंदर चिठ्ठ्यांवर लिहिली, खळीने फ्रेमांखाली चिकटवली आणि यादी टपालात टाकली. घराकडे निघाल्यावर, निम्म्या वाटेत, ते थबकले.

बावीस जानेवारी ही लीलाची तारीख होती.

२

दत्तोपंतांची चार मुलं वर्षाच्या आत गेली होती. पाचवी लीला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती झाली त्या दिवशीच सुईणीने त्यांच्या बायकोच्या, चंद्रप्रभेच्या, कानात सांगितलं होतं, ‘हिचा दिस कुणाला सांगू नगा बाई. दिस कळला की वाट कळती.’ दत्तोपंत शिकलेला माणूस, असल्या गोष्टींना हसणारा. पण चार वेळा हसू गिळल्यावर तेही गप्प बसले. शाळेत एक जून लिहिली. घरात कधी औक्षण झालं नाही. बावीस जानेवारीला चंद्रप्रभा दार लावून घ्यायची आणि दिवसभर मौन पाळायची, शेजारणींना वाटायचं एकादशी असेल. सुईण वारल्यावर ती तारीख जगात दोघांनाच ठाऊक होती, आणि नवराबायकोही ती एकमेकांत उच्चारत नसत.

‘एवढं काय त्यात?’ रात्रभर त्यांनी स्वतःला समजावलं. ‘कागदावरचे आकडे ते.’

सोळा तारखेला सकाळी त्यांनी मागच्या खोलीची खिडकी उघडली. पहिल्या फोटोतला पाट रिकामा होता.

सवाष्णी होत्या. तबक होतं. बाईचा हात पुढे आलेला होता आणि पाचही जणी खाली, रिकाम्या पाटाकडे, कौतुकाने बघत होत्या. दत्तोपंतांनी चष्मा पुसला. जुन्या फोटोंवरचा रस उडतो, हे त्यांनी ऐकलं होतं. लहान मूल, पांढरं झबलं, आधी पांढरं तेच उडणार. पण मग पाटाच्या फळीवरच्या नक्षीची फुलं इतकी स्वच्छ कशी दिसत होती? मूल बसलं होतं तेव्हा ती त्याच्या मांडीखाली झाकलेली असायला हवीत.

संध्याकाळी ते घरी आले तर लीला ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसली होती. पहिलीतली पोर, पण मथळे घडाघडा वाचायची. दत्तोपंतांना केवढा अभिमान होता त्याचा! आज तिने कागद उलटा धरला होता.

“वाच की गं.”

ती नुसती बघत राहिली. “काय वाचू, बाबा?”

“हे अक्षर कुठलं?”

लीलाने बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं, आणि रडायला लागली. दत्तोपंत तिच्यावर ओरडले. ते ओरडणं त्यांना पुढे जन्मभर टोचत राहिलं.

त्याच वेळी आत माजघरात फरशीवर काहीतरी वाजत होतं. थप, थप, थप. ओले तळवे जमिनीवर टेकत एखादं मूल रांगावं तसं.

“शेजारचं आलंय का कुणाचं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” चंद्रप्रभा चुलीपुढून म्हणाली. “मलाही तेच वाटलं.”

३

सतराला दुसरा फोटो रिकामा झाला. त्या दिवशी लीलाला परकराची नाडी बांधता येईना, आणि घरात वाळे वाजले: दोन पावलं, धप्प, मग पुन्हा दोन पावलं. अठराला तिसरा. लीला ‘ल’ला ‘य’ म्हणायला लागली आणि अंथरुणात शू केली. रात्री नव्हे, भर दुपारी, आईच्या मांडीवर पडल्यापडल्या. चंद्रप्रभेने जुनी लुगडी फाडून दुपटी केली.

दत्तोपंत आता रोज कुलूप काढल्याबरोबर मागच्या खोलीत धावत. आपण नीट मोजत नाही, असं ते स्वतःला सांगत. डोक्यावर ताण आहे. मुलगी आजारी असली की माणसाला काहीही दिसतं. मग ते फोटोवर नाक टेकवून पुन्हा बघत, आणि पाटावरची नक्षी त्यांना पाकळी न् पाकळी दिसे.

अठराला धुरपदाबाई केरसुणी घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्यावर थबकली. ती तरणी असताना त्याच जहागिरदाराकडे भांडी घासायला होती.

“पंत, ह्या चिठ्ठ्या कुणी लावल्या?”

“मी. का?”

“काय लिवलंय त्येच्यावर? मला वाचाय येत न्हाय.”

“तारीख आहे. वाढदिवसाची.”

बाईने केरसुणी भिंतीला टेकवली. “त्या लेकराचा दिस कुणालाच म्हाईत न्हवता. धनी दर साली निराळ्याच दिशी ववाळायचे. बामणाला सुदिक सांगितला न्हाय त्यास्नी. तुमाला कुटून घावला?”

दत्तोपंत पहिल्या फोटोखालच्या चिठ्ठीकडे वळले.

“दिला व्हय तुमी?” तिने हळूच विचारलं. “कुणाचा दिला?”

“धुरपदाबाई, त्या मुलीचं पुढं काय झालं?”

“म्या आदीच काम सोडलं व्हतं. सातवं पुरं व्हायच्या आदी गेली म्हनत्यात.” तिने पदर कमरेला खोचला. “आन् हितलं बी आता सोडलं. म्हैन्याचा पगार पोराच्या हाती धाडा, म्या येनार न्हाय.” जाताना ती दारातून मागे वळली आणि काकुळतीने म्हणाली, “पंत, दिलेलं मागून घ्या. लाज धरू नगा.”

४

मागून घ्यायचं ठरवलं तर मागायचं कुणाकडे? दत्तोपंतांनी आधी चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या. खळ सुकली होती, कागदाचे तुकडे निघाले पण ‘बावीस’ तेवढं सातही ठिकाणी चिकटून राहिलं. चाकूने खरवडलं तर लाकडावर शाई उतरलेली. मग ते पोस्टात गेले. पोस्टमास्तर शिवलिंगप्पा पान लावत बसले होते.

“यादी? ती परवाच पोचली असणार की औरंगाबादला. का, चूक झाली काय?”

“एका तारखेची.”

“एकाच? अहो मग सोडून द्या. सरकारी यादीत एकच चूक म्हणजे तुम्हाला बक्षीस मिळायचं.” ते हसले, मग दत्तोपंतांचं तोंड पाहून पान तसंच खाली ठेवलं. “तार करायची का?”

तार केली. ‘तारीख चुकीची, कृपया रद्द करा.’ एकोणिसाला चौथा फोटो रिकामा होता आणि लीला पायांवर उभी राहत नव्हती. उमरग्याहून डॉक्टर आणला. त्याने गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरी धरली, पोरीला बोलतं करायचा प्रयत्न केला. लीलाने त्याचं बोट तोंडात घातलं.

“मेंदूचा ताप,” डॉक्टर ओसरीवर येऊन म्हणाला.

“ताप तर नाही तिला.”

“म्हणूनच अवघड आहे,” डॉक्टर म्हणाला आणि सोलापूरला न्यायला सांगितलं. बोलता बोलता त्याने माजघराकडे मान वळवली. “तुमची थोरली चांगली गाते हो.”

दत्तोपंतांना थोरली नव्हती. त्यांनाही ते गाणं ऐकू येत होतं. शाळेतली कविता, लीलाच्याच आवाजात, एक ओळ चुकत, पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी पडदा बाजूला केला. माजघरात कुणी नव्हतं. पाण्याच्या हंड्यावरचं झाकण हलत होतं, एवढंच.

तारेच्या उत्तरासाठी दत्तोपंतांनी सोलापूरला जाणं एक दिवस लांबवलं होतं. विसाला कचेरीकडून उलट तार आली. ‘यादी मंजूर. बदल होणार नाही.’

५

एकविसाला सहाही पाट रिकामे होते. सहा फोटोंतल्या तीस बायका रिकाम्या पाटांकडे बघत हसत होत्या. दत्तोपंत तैलचित्रापुढे गेले. इतकी वर्षं कोरा राहिलेला कॅनव्हास आता कोरा नव्हता. तिथे पेन्सिलीची एक फिकट रेघ उमटली होती. पाटावर कुणी काही गुंडाळून ठेवावं तशी गोल, वर जराशी उघडी. त्यांनी बोट थुंकीने ओलं करून ती पुसायला बघितली. बोट कोरडंच राहिलं.

दुपारीच कुलूप लावून ते घरी धावले. लीला अंथरुणावर पडली होती. मान धरत नव्हती. केसांच्या जटा झालेल्या, तोंडातून लाळ, डोळे आढ्याला लागलेले. त्यांनी तिच्या तळहातात बोट ठेवलं आणि तिने ते मुठीत गच्च धरलं. जन्मल्या दिवशी तिने असंच धरलं होतं. दत्तोपंतांना तो दिवस आठवला आणि हुंदका फुटला.

स्वयंपाकघरातून कंगवा फिरल्याचा आवाज येत होता.

“चंद्रप्रभा, काय करतेस?”

“वेणी घालतेय.”

“कुणाची?”

“कुणाची म्हणजे? लीलाची.”

दत्तोपंतांनी आपल्या बोटाला धरलेल्या पोरीकडे पाहिलं. ते उठले नाहीत. उठायचा धीर झाला नाही. थोड्या वेळाने चंद्रप्रभा बाहेर आली, तेलाचे हात पदराला पुसत, आणि त्यांना पाहून दचकली. झोपेतून कुणी गदागदा हलवावं तसा तिचा चेहरा झाला. मग ती अंथरुणाजवळ बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच रडली.

तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. यादी, रकाना, चिठ्ठ्या, तार.

“माझ्या लेकराचा दिवस तुम्ही मेलेल्या पोरीला दिला?” ती म्हणाली. “रकाना भरायला?”

“हात गेला गं. मला कळलंच नाही.”

“सात वर्षं मी तोंडातून काढला नाही. कळा कधी सुरू झाल्या तेही कुणाला सांगितलं नाही. आणि तुमचा हात गेला!”

दत्तोपंत खाली मान घालून बसले. पण मन थांबत नव्हतं. बुडत्याला काडीचा आधार तसा त्यांना एक विचार सापडला होता.

“आपण तिला कधी ओवाळलंच नाही,” ते म्हणाले. “दिवस तिचा आहे, पण तिने तो घेतलाच नाही कधी. लपवून ठेवला. पडून राहिलेली वस्तू कुणीही उचलतं. उद्या उघड उघड वाढदिवस करू. पाट मांडू, शेजारपाजारच्या बायका बोलावू, सात निरांजनं लावू. सगळ्यांदेखत सांगू की आज आमची लीला सात वर्षांची झाली.”

चंद्रप्रभेने पोरीच्या तोंडावरची लाळ पदराने पुसली.

“ही बसेल का पाटावर?” तिने विचारलं.

“मी धरून बसवीन.”

६

बावीसला ते संग्रहालयाकडे फिरकले नाहीत. सकाळी पेढे आणले, दुपारी शेजारच्या गिरिजाबाईंना आणि आणखी दोघींना बोलावणं केलं. तिघींचेही चेहरे उतरले. आजारी पोरीचा आत्ताच कसला वाढदिवस, असं त्यांना वाटलं असणार. येतो म्हणाल्या, पण दिवेलागण झाली तरी एकही आली नाही.

“नाहीत तर नाहीत,” दत्तोपंत म्हणाले. “आपण दोघं आहोत.”

माजघरात चंद्रप्रभेने रांगोळी काढली होती. आतून तांब्याचा, तबकाचा आवाज येत होता. दत्तोपंतांनी लीलाला गोधडीत गुंडाळलं. दोन दिवसांत तिने दुधाचा थेंब घेतला नव्हता, पण अजून ती चांगली जड लागत होती, सात वर्षांच्या पोरीएवढी. त्या वजनाने त्यांना धीर आला. ‘चल बाळ,’ ते तिच्या कानात म्हणाले, ‘तुझा दिवस आहे. आपण तो परत घेऊ.’ तिचा श्वास त्यांच्या मानेला लागत होता.

ते उंबऱ्यापाशी आले. चंद्रप्रभा तबक घेऊन उभी होती. सात ज्योतींचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता.

पाटावर कुणीतरी बसलं होतं.

पाठमोरी, ताठ, मांडी घालून. हिरवा परकर. तेल लावून चापूनचोपून घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी. एक वेणी पाठीवर, एक पुढे घेतलेली. दत्तोपंतांना तोंड दिसलं नाही. दिसायला नको होतं.

“चंद्रप्रभा,” ते म्हणाले. “ती नाही. ही बघ. लीला इथं आहे. माझ्याजवळ आहे.”

तिने मान वर केली. तिने गोधडीकडे बघितलं, नीट बघितलं. लोंबणारी मान, उघडं तोंड, लाळ. भ्रम झालेल्या बाईसारखी ती बघत नव्हती. आपली पोर तिने ओळखली होती. ते दत्तोपंतांना तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं.

“अहो, चार पुरली मी,” ती म्हणाली. “आता बळ नाही हो.”

“ती जिवंत आहे! श्वास घेतेय, हात लावून बघ!”

“आजचा दिवस घेईल. उद्या?” तिने पाटाकडे मान केली. “ही बसते. जेवते. आई म्हणते मला. माझ्याकडून नाही व्हायचं आता पुन्हा ते. तुम्ही मला काहीही म्हणा.”

“ती तुझी नाही!”

“तुमच्या हातानेच दिलीत ना?”

एक पाऊल पुढे टाकून तबकाला लाथ मारली असती तर दिवे विझले असते. दत्तोपंतांना ते कळत होतं. पाय उचललाही होता. तेवढ्यात चंद्रप्रभेने पाटाकडे वाकून, सात वर्षं जो प्रश्न तिने गिळला होता तो विचारला.

“किती पूर्ण झाली गं माझ्या बाळाला?”

“सात!” पाटावरून उत्तर आलं.

लीलाचा आवाज. खणखणीत, शाळेत हजेरी देताना ती द्यायची तसा. चार दिवस तो आवाज ऐकायला दत्तोपंतांचे कान आसुसले होते. दिवेलागणीला, दुपारी, देवापुढे बसून त्यांनी तेवढंच मागितलं होतं, की पोर एकदा बोलू दे. आणि तो ऐकल्याबरोबर, कशाचाही विचार मनात यायच्या आत, त्यांचं सगळं अंग सैल पडलं. पोर बरी झाली, असं त्यांच्या मनात आलं. एका श्वासापुरतंच.

तेवढं पुरे झालं. मानेला लागणारा श्वास थांबला, आणि हातातली गोधडी मऊपणे खाली बसली. तिच्यात काही नव्हतं.

चंद्रप्रभा ओवाळत होती. सात ज्योती डावीकडून उजवीकडे गेल्या, पुन्हा डावीकडे आल्या.

“बाबा,” पाठमोरी मुलगी म्हणाली, “तिकडं काय उभे राहिलात? पेढा भरवा की मला.”

दत्तोपंतांनी गोधडीची घडी घातली, ती कोनाड्यात ठेवली, आणि ते पुढे गेले.